डफरिनची शिडी

1927 च्या आधी हिंदी माणसाला आगबोटीवर कुठवर चढता येतं, हे कोकणात लहान पोरालाही ठाऊक असे. खलाशी, मग तांडेल, मग सारंग. तिथं शिडी संपायची. माझे आजोबा दाभोळचे, विलायती कंपनीच्या बोटीवर सुकाणी. चाक त्यांच्या हातात, पण ते किती फिरवायचं हे सांगणारा गोरा. डेकवर, बॉयलरपाशी, भटारखान्यात सगळे आपले. ब्रिजवर हुकूम देणारा आपला नाही. कायद्यानं बंदी होती असं नव्हे. अधिकारी व्हायचं तर सेकंड मेटचं सर्टिफिकेट हवं, त्यासाठी आधी अप्रेंटिस म्हणून समुद्रावर वर्षं काढायला हवीत, आणि हिंदी पोराला अप्रेंटिस म्हणून घ्यायला कंपन्या तयार नसत. कुलूप लावायची गरजच नव्हती.

5 एप्रिल 1919 रोजी सिंदिया या हिंदी जहाज कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. हा दिवस आपण आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्यामुळे बोटीचा मालक हिंदी झाला, पण अधिकारी आणायचे ते विलायतेतूनच. मग 1922 मध्ये सर शिवस्वामी अय्यर यांनी दिल्लीच्या कायदेमंडळात हा प्रश्न लावून धरला आणि सरकारला कॅप्टन हेडलम यांच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमावी लागली. कमिटीनं दोन मोठ्या गोष्टी सुचवल्या: मुंबईत हिंदी मुलांसाठी शिक्षण-नौका सुरू करा, आणि किनाऱ्यावरची मालवाहतूक हळूहळू हिंदी बोटींसाठी राखून ठेवा. सरकारनं पहिली उचलली, दुसरी फायलीत घातली. पोरं शिकवू, पण धंदा सोडणार नाही, असा तो हिशेब. किनारी वाहतूक आपल्या हाती यायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं.

नौका नवी बांधली नाही. रॉयल इंडियन मरीनची ‘डफरिन’ ही सैनिकांची ने-आण करणारी जुनी बोट होती, इंग्लंडात बॅरो इथं 1904 मध्ये पाण्यात उतरलेली. (लॉयल्टीही बॅरोचीच, 1891 ची. हिंदी जहाजदारीची दोन पावलं एकाच गावच्या जुन्या लोखंडावर पडली, याची मला गंमत वाटते.) डफरिन माझगावसमोर नांगरून ठेवली आणि डिसेंबर 1927 मध्ये पहिली बॅच चढली. कॅप्टन डिग्बी-बेस्ट हे पहिले प्रमुख. तेरा-चौदा वर्षांची पोरं, पंजाबपासून मद्रासपर्यंतची, तीन वर्षांसाठी.

मी साठच्या दशकातला कॅडेट, तेव्हा मुलं वयानं मोठी येत आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला होता, पण दिवस सुरू व्हायचा तो जुन्याच पद्धतीनं. पहाटे अनवाणी डेक घासायचा, पितळ चकचकीत करायचं, मग गणित, नौकानयन, गाठी, सेमाफोर, मोर्स. भरतीच्या तोंडावर वल्ही मारत होडी धक्क्याला आणायची ती खरी परीक्षा. होडीचा ताबा आमच्यातल्याच एकाकडे असे. प्रवाहाचा अंदाज चुकला की दहा जण घामाघूम होणार आणि सगळे त्याच्याकडे बघणार. नेतृत्व या विषयावर नंतर मी बरीच भाषणं ऐकली. त्या होडीत शिकलो त्याहून जास्त एकातही नव्हतं.

सुरुवातीच्या मुलांपुढची खरी अडचण शिक्षण संपल्यावर होती. बोट देणार कोण? गोऱ्या कंपन्यांची नाखुशी शिल्लकच होती. सिंदिया नसती तर कित्येक जण सर्टिफिकेटाविना घरी बसले असते. काही नौदलाकडे वळले. पहिल्या बॅचचे रामदास कटारी 1958 मध्ये नौदलाचे पहिले हिंदी प्रमुख झाले. त्यांच्यानंतर 1962 मध्ये आले ते भास्कर सदाशिव सोमण, तेही डफरिनचेच, बेळगावात वाढलेले. आदल्याच वर्षी गोवामुक्तीच्या वेळी नौदलाच्या ताफ्याची सूत्रं त्यांच्याकडे होती. व्यापारी जहाजांसाठी काढलेल्या शाळेनं नौदलाला सलग दोन प्रमुख दिले, हे हेडलम कमिटीच्या स्वप्नातही नसेल.

पण माझ्या मनात एक हिशेब उरतो. डफरिनची परीक्षा इंग्रजीतून, वर फी. त्यामुळे शिडी चढले ते बहुतेक वकील, डॉक्टर, सरकारी नोकर यांचे मुलगे. पिढ्यान् पिढ्या दर्यावर घाम गाळलेल्या दाभोळ, हर्णै, जयगडच्या घरांतून माझ्या बॅचमध्ये मी एकटा होतो, आणि मी आलो तो माझे वडील शाळामास्तर झाले म्हणून, आजोबा सुकाणी होते म्हणून नव्हे. डफरिननं रंगाची भिंत पाडली. वर्गाची तशीच राहिली.

1972 मध्ये डफरिनची जागा ‘राजेंद्र’नं घेतली आणि 1993 पासून हे शिक्षण नवी मुंबईत, जमिनीवरच्या ‘चाणक्य’ संस्थेत चालतं. मुलीही शिकतात. खलाशाच्या घरात बारावीचं मूल असेल तर एवढं करा: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून 60 टक्के आणि इंग्रजीत 50 यांकडे आधीपासून लक्ष द्या, भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा द्यायला लावा, आणि कुणा एजंटाला पैसे मोजण्याआधी त्याच्या संस्थेला जहाजवाहतूक महासंचालकांची मान्यता आहे का, ते स्वतः तपासा.