व्हाइट टीथ (कादंबरी)

व्हाइट टीथ ही ब्रिटिश लेखिका झेडी स्मिथ यांची पहिली कादंबरी आहे. ती इ.स. २००० मध्ये इंग्रजीत प्रकाशित झाली. वायव्य लंडनमधील विल्सडेन या बहुवांशिक वस्तीतील तीन कुटुंबांच्या परस्परांत गुंतलेल्या जीवनाचे चित्रण तीत आहे. लेखिकेचे बालपण याच परिसरात गेले.

कथानक

१ जानेवारी १९७५ रोजी आर्ची जोन्स हा सामान्य इंग्रज गृहस्थ क्रिकलवूड येथे मोटारीत आत्महत्येचा प्रयत्न करतो. एका हलाल मांसविक्रेत्यामुळे तो वाचतो. पुढे तो क्लारा या जमैकन वंशाच्या तरुणीशी विवाह करतो. आयरी ही त्यांची मुलगी. दुसऱ्या महायुद्धातील त्याचा सोबती समद इक्बाल हा बंगाली मुसलमान असून उपाहारगृहात वाढप्याचे काम करतो. मुले धर्म व संस्कृती विसरतील या भीतीने समद आपल्या जुळ्या मुलांपैकी मगीद याला बांगलादेशात पाठवतो. प्रत्यक्षात मगीद नास्तिक व इंग्रजी वळणाचा होऊन परततो, तर लंडनमध्ये राहिलेला मिल्लत मूलतत्त्ववादी गटात सामील होतो. तिसरे कुटुंब मध्यमवर्गीय चाल्फेन यांचे. त्यातील मार्कस हा जनुकशास्त्रज्ञ एका उंदराचे भवितव्य जनुकीय बदलांद्वारे आधीच निश्चित करू पाहतो. ३१ डिसेंबर १९९२ रोजी या उंदराच्या प्रदर्शनाच्या वेळी सर्व पात्रे एकत्र येतात.

आशयसूत्रे

भूतकाळ माणसाला कितपत बांधून ठेवतो, हा कादंबरीचा मध्यवर्ती प्रश्न आहे. १८५७ च्या उठावातील मंगल पांडे हे आपले पणजोबा असल्याचे समद अभिमानाने सांगतो. इतरांना मात्र त्या कथेचे कौतुक नाही. समद परंपरेच्या, तर मार्कस विज्ञानाच्या आधारे पुढील पिढी घडवू पाहतो. दोघांचेही बेत फसतात. अखेरीस उंदीर निसटतो. आयरीच्या अपत्याचा पिता जुळ्या भावांपैकी कोण, हेही कायमचे अनिश्चित राहते, कारण दोघांची जनुके सारखीच असतात.

प्रतिसाद व रूपांतरे

कादंबरीला व्हिटब्रेड प्रथम कादंबरी पुरस्कार, गार्डियन प्रथम पुस्तक पुरस्कार व जेम्स टेट ब्लॅक स्मृती पुरस्कार मिळाले. समीक्षक जेम्स वुड यांनी मात्र घटनांच्या अतिरेकामुळे पात्रांतील माणूसपण हरवते, असा आक्षेप घेतला. चॅनल ४ वाहिनीने २००२ मध्ये तिचे दूरचित्रवाणी रूपांतर प्रसारित केले. २०१८ मध्ये किलबर्न येथील किल्न नाट्यगृहात, म्हणजे कथेच्याच परिसरात, तिचे नाट्यरूपांतर सादर झाले.