इस्तंबूलची पाणपोई आणि आमच्या घरातली पेटी

गेल्या वर्षी अब्बा आणि अम्मी उमराह करून परतताना चार दिवस इस्तंबूलला थांबले. अब्बा बहात्तर वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त. होटगी स्टेशनवर आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या, आता आपणही एकदा लांब जाऊ, असं त्यांच्या मनात होतं. अम्मीनं ‘अर्तुग्रुल’ मालिका दोनदा पाहिली होती, त्यामुळे तिचा आग्रह जास्त.

परत आल्यावर मोहल्ल्यातले सगळे आया सोफियाबद्दल विचारू लागले. अब्बांनी एका वाक्यात निकाल लावला, “चांगली आहे, पण घुमट आपल्या विजापूरचाच मोठा.” यात अतिशयोक्ती नाही. 537 साली पूर्ण झालेल्या आया सोफियाच्या घुमटाचा व्यास सुमारे 31 मीटर आहे. मुहम्मद आदिलशहाच्या गोल घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर भरतो. आणि तो आमच्या होटगीहून जेमतेम शंभर किलोमीटरवर आहे.

पण अब्बा खरे खुलले ते दुसऱ्याच गोष्टीवर. तोपकापी राजवाड्याच्या दारासमोर तिसऱ्या सुलतान अहमदनं 1728 मध्ये बांधलेली एक देखणी पाणपोई आहे. चारही बाजूंनी तिच्यावर ओळी कोरलेल्या आहेत. अब्बा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. ते जवळ गेले, बोट फिरवत अक्षरं जुळवू लागले. ‘अहमद’ लागलं, ‘दुआ’ लागलं. अम्मीला म्हणाले, “अगे, ये तो अपनेच हरफां हैं!” बाकीचं काय लिहिलंय म्हणून त्यांनी गाइडला विचारलं. तो तिशीतला तुर्की मुलगा, इतिहास घडाघडा सांगणारा. तो ओशाळून म्हणाला, “हे मला वाचता येत नाही.”

कारण सरळ आहे. 1928 च्या नोव्हेंबरमध्ये तुर्कस्ताननं कायदा करून अरबी लिपी सोडली आणि रोमन लिपी घेतली. पाणपोई बांधल्याला तेव्हा बरोबर दोनशे वर्षं झाली होती. अतातुर्क स्वतः फळा-खडू घेऊन लोकांना नवी अक्षरं शिकवत फिरले. या निर्णयाला त्यांची कारणं होती. तुर्की भाषेतले स्वर अरबी लिपीत नीट उतरत नव्हते, आणि बहुसंख्य जनता निरक्षर होती. पुढे साक्षरता वाढली, हे मान्य करायलाच हवं. पण आजोबांची पत्रं, मशिदींवरचे लेख, कब्रींवरची नावं नातवांसाठी मुकी झाली, हेही तितकंच खरं.

अब्बा हे सांगताना अभिमानानं हसले. म्हणाले, “आपल्याकडे असं झालं नाही.” मी उर्दू आणि मराठीचा शिक्षक. मीही हसलो. मग मला घरातली लाकडी पेटी आठवली.

त्या पेटीत अब्बांच्या आजोबांच्या नावचा शेतीचा एक जुना कागद आहे. लिपी मोडी. अब्बांना तो वाचता येत नाही. दोन भाषा शिकवणाऱ्या, बीएड झालेल्या मलाही येत नव्हता. स्वतःच्या घरातल्या कागदासमोर मी त्या गाइडसारखाच उभा होतो. आपल्याकडे कुणी एका रात्रीत कायदा केला नाही, इतकंच. छपाईत देवनागरी आली, 1950 च्या दशकात मोडी शाळेतूनही गेली, आणि दोन पिढ्यांत आपण सगळे, हिंदू-मुसलमान दोघेही, आजोबांच्या कागदांना पारखे झालो.

अनेकांना वाटतं, मोडी म्हणजे त्यांची आणि फारसी म्हणजे आपली. विजापूरच्या दरबारात अशी वाटणी नव्हती. पहिल्या इब्राहिम आदिलशहानं (1534 ते 1558) महसुलाचा हिशेब फारसीतून काढून इथल्या लोकभाषेत आणला. आदिलशाहीचे असे कागद आहेत ज्यांवर एकाच पानावर फारसीही आहे आणि मोडीतली मराठीही. ते वाचायला दोन्ही लिपी लागतात. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातले ग. ह. खरे मोडीचे जाणकार, पण त्यांनी फारसीही आत्मसात केली आणि ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’चे खंड संपादित केले. उर्दू येणाऱ्या आपल्या किती मुलांनी उलट बाजूनं मोडीपर्यंतचा हा प्रवास केला?

माझ्या वर्गातले पालक विचारतात, “सर, उर्दूचा उपयोग काय?” पूर्वी मी शायरीबद्दल बोलायचो. आता पाणपोईची गोष्ट सांगतो, आणि लगेच पेटीचीही. कारण फक्त उर्दू वाचवून आपलं भागणार नाही. आपला इतिहास दोन लिप्यांत पडून आहे. तो वाचायचं काम आपण दुसऱ्यांवर सोडलं, तर ते सांगतील तोच आपला इतिहास ठरेल.

राज्याच्या पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग भरतात. मीही चाळिशी ओलांडल्यावर बाराखडी गिरवायला घेतली. मोडीत शब्द सुटे नसतात, हात न उचलता ओळ लिहिलेली असते, त्यामुळे अजून अडखळतो. गेल्या रविवारी अब्बांसमोर कागद उघडला. पहिल्या ओळीत बराच वेळ झटल्यावर ‘मौजे होटगी’ लागलं. अब्बांनी चष्मा पुसला, त्या अक्षरांखाली बोट ठेवलं आणि विचारलं, “पुढे काय आहे?”

पुढचं अजून लागलेलं नाही. प्रयत्न चालू आहे.