कोलनवॉटर आणि उन्हाचा डाग

#थ्रेड

१/ ताप चढला की रुग्णाच्या कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रातील अनेक घरांत होती. त्या गंधामागे इटलीतील एका फळाचे तेल आहे. तेच तेल त्वचेला लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते. हे कारण उलगडण्यास सुमारे दोन शतके लागली.

२/ ते फळ म्हणजे बर्गामोट. लिंबू आणि कडू संत्रे यांच्या संकरातून ते आले, असे मानतात. त्याची मुख्य लागवड इटलीच्या दक्षिण टोकाला, काळाब्रियाच्या रेज्जो शहराभोवतालच्या किनारपट्टीत होते. गर आंबट-कडू असल्याने फळ सहसा तसेच खाल्ले जात नाही; मोल असते ते सालीला. अर्ल ग्रे चहाचा गंध याच सालीच्या तेलाचा.

३/ १७०९ साली फरिना या इटालियन कुटुंबाने जर्मनीतील कोलोन शहरात पेढी घातली. योहान मारिया फरिना याने तेथे मद्यार्कात बर्गामोट व इतर लिंबूवर्गीय तेले मिसळून सुगंधी पाणी सिद्ध केले. शहराच्या नावावरून त्याला ‘ओ द कोलोन’ म्हणू लागले. युरोपच्या दरबारांत ते गाजले आणि काळाब्रियाच्या बागांना बाजारपेठ मिळाली.

४/ आरंभी कारागीर साल हाताने स्पंजावर दाबून तेल टिपून घेत. १८४४ साली निकोला बारिल्ला याने त्यासाठी यंत्र बनवले. मात्र हात असो वा यंत्र, तेल दाबूनच निघे, ऊर्ध्वपातन नव्हते. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. उडून न जाणारी जड द्रव्येही त्यामुळे सालीतून तेलात उतरत.

५/ त्यांपैकी एक द्रव्य १८३४ सालीच वेगळे करण्यात आले होते. बर्गामोटवरूनच त्याला ‘बर्गाप्टेन’ हे नाव मिळाले. त्याला स्वतःचा असा लक्षात येणारा सुगंध नाही. त्यामुळे अत्तराच्या धंद्याला त्याचे महत्त्व वाटले नाही. त्वचेवर ते काय करते, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता.

६/ १९१६ साली फ्रॉइंड या त्वचारोगतज्ज्ञाने काही विचित्र डागांची नोंद केली. कोलनवॉटर लावून उन्हात बसलेल्यांच्या अंगावर ते उमटले होते आणि संशय बर्गामोट तेलावर गेला. पुढे १९२५ साली रोझेंथाल यांनी मानेवरून ओघळल्यासारख्या अशाच डागांना ‘बर्लोक’ हे नाव दिले. फ्रेंच भाषेतील लोलकाच्या शब्दावरून ते आले आहे.

७/ कारण सापडण्यास इतका विलंब का? साधे ऊन लागले तर कातडी काही तासांत लाल होते. बर्गाप्टेनमुळे होणारा दाह मात्र दोन-तीन दिवसांनी कळसाला पोहोचतो. फोड येतात, ते बरे होतात आणि मागे तपकिरी डाग उरतो. तो कित्येक महिने टिकू शकतो. तोवर सुगंध विरलेला असतो. डागाचा दोष अत्तराला द्यावा, हे सुचणार कसे?

८/ १९३७ साली रने-मोरिस गातफोस या फ्रेंच रसायनज्ञाचा ‘अरोमातेरापी’ हा ग्रंथ निघाला आणि सुगंधोपचाराला आजचे नाव मिळाले. त्यानंतर एका वर्षाने, १९३८ साली, कुस्के यांनी वनस्पतींतील फ्युरोकुमारिन द्रव्ये आणि ऊन यांचा संबंध दाखवून दिला. बर्गाप्टेन त्याच वर्गातले. उपचाराचे नाव आणि धोक्याचे कारण जवळजवळ एकाच वेळी जगापुढे आले; प्रसिद्धी मात्र नावालाच अधिक मिळाली.

९/ क्रिया अशी: हे द्रव्य पेशीतील डीएनएच्या जिन्यात शिरून बसते. अतिनील किरण पडताच ते तेथे रासायनिक बंधाने जखडले जाते आणि पेशी दुखावते. ही ॲलर्जी नव्हे. तेलाचे प्रमाण आणि ऊन पुरेसे असेल, तर पहिल्याच वेळी कोणालाही हा त्रास होऊ शकतो.

१०/ या कुळाची दुसरी बाजू भारताला जुनीच ठाऊक होती. आयुर्वेदात कोडावर बावचीचे बी वापरून रुग्णाला उन्हात बसवत. १९३३ साली भारतीय रसायनज्ञांनी त्याच बियांतून सोरालेन वेगळे केले. बर्गाप्टेन हे त्याचे भावंड. १९७४ साली अमेरिकेत सोरालेन-वर्गातील औषध आणि मोजून दिलेले अतिनील किरण यांनी सोरायसिसवर उपचार झाले. इथे औषधाची मात्रा आणि प्रकाशाची मात्रा दोन्ही वैद्याच्या हाती असतात.

११/ बाजारात ती मोजणी नव्हती. कातडी लवकर सावळी व्हावी म्हणून युरोपात बर्गामोटयुक्त ‘सन ऑइल’ विकली गेली. बर्गाप्टेन आणि अतिनील किरण यांचा संयोग कर्करोगकारक असण्याचा संभव आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवला. अखेर १९९५च्या युरोपीय निर्देशाने उन्हासाठीच्या प्रसाधनांत फ्युरोकुमारिनवर किलोमागे १ मिलिग्रॅमची मर्यादा घातली.

१२/ आज सुगंध-उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मर्यादा अशी: अंगावर राहणाऱ्या व ऊन लागणाऱ्या उत्पादनात दाबून काढलेले बर्गामोट तेल ०.४ टक्क्यांहून अधिक नसावे. म्हणजे ३० मिलिलिटर तेलात साधारण २ थेंब. प्रमाण याहून जास्त असेल, तर किमान १२ तास त्या जागी ऊन लागू देऊ नये. ही तेले पोटात घेऊ नयेत.

१३/ सगळी लिंबूवर्गीय तेले सारखी नाहीत. दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलातही हा धोका आहे. गोड संत्र्याच्या तेलात तो मानला जात नाही. बर्गाप्टेन काढून टाकलेले बर्गामोटही मिळते. धोका त्वचा आणि ऊन एकत्र आल्यावरच असतो. खोलीत दरवळणाऱ्या गंधाने डाग पडत नाहीत.

१४/ म्हणून बाटलीवरचा ‘शुद्ध व नैसर्गिक’ हा शब्द सुरक्षिततेची हमी ठरत नाही. बर्गाप्टेनही शुद्ध आणि नैसर्गिकच आहे. तेल दाबून काढले की ऊर्ध्वपातनाने, बर्गाप्टेन काढले आहे की नाही आणि प्रमाण किती, हे लेबलवर पाहावे. ते लिहिलेले नसेल, तर ते तेल लावून उन्हात जाऊ नये.