फराहबागेचं पाणी आणि गाडीतला गॅस



उन्हाळा लागला की आपल्या नगरमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं : "फराहबागेत चारशे वर्षांपूर्वीच एसी होता." बाहेरगावचे पाहुणे आले की आपणही त्यांना ते अभिमानाने सांगतो. मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी हेच विचारलं, की हे खरं का हो? आणि त्याच दमात दुसऱ्यांनी विचारलं, की मग माझ्या गाडीतला एसी दर उन्हाळ्याला गॅस का मागतो? सभागृहात हशा झाला. पण घरी जाताना आमच्या लक्षात आलं, की या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. आजचं व्याख्यान त्या उत्तराचं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, जुन्या काळाविषयी बोलताना आम्ही अहमदनगर किंवा नुसतं नगर म्हणू.)

आधी फराहबाग पाहू. मलिक अहमदने पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे शहर वसवलं. पुढे मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत, १५८३ मध्ये, शहराच्या आग्नेयेला हा महाल पुरा झाला. अष्टकोनी, दुमजली, मधोमध उंच घुमटाचं दालन, जाड भिंती, आणि चौफेर तळं. मुर्तझा इथे बुद्धिबळाचा डाव मांडून बसायचा असं सांगतात. आज तळं कोरडं आहे. उभं राहून पाहिलं तर महालाभोवती नुसता खोलगट खड्डा दिसतो, आणि हा महाल पाण्यात होता यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही.

आता गारवा कुठून यायचा? पाण्याची वाफ होताना उष्णता लागते, आणि ती उष्णता आसपासच्या हवेतून घेतली जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. माठातलं पाणी गार होतं ते याच हिशेबाने. माठ पाझरतो म्हणून. तळ्यावरून आलेला वारा थोडा गार होऊन महालात शिरायचा, जाड भिंती दुपारचं ऊन अडवायच्या आणि तापलेली हवा उंच घुमटाकडे जायची. म्हणजे फराहबाग हा एक मोठा माठच म्हणा, फक्त राजाला आत बसवलेला.

हे इथेच का जमलं, तेही लक्षात घ्या. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. चैत्र-वैशाखातली आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं. हाच महाल मुंबईत बांधला असता तर तिथल्या दमट हवेत पाणी उडालं नसतं, राजा घामाघूम झाला असता आणि वर डासही चावले असते. आजही कूलर नगरला चालतो आणि मुंबईला नुसता चिकचिकाट करतो, त्याचं कारण हेच.

पण या गारव्याची किंमत होती. उडालेलं पाणी परत येत नाही. तळं रोज आटणार, म्हणून रोज भरावं लागणार. त्यासाठी डोंगरपायथ्याच्या विहिरींचं पाणी जमिनीखालून खापरी नळांनी शहरात आणि बागांत आणलेलं होतं. कापूरवाडी, भिंगार, शहापूर, शेंडी ही नावं आपल्याला आज गावांची म्हणून ठाऊक आहेत. निजामशाहीत ती पाण्याच्या नळांचीही नावं होती. नळ गाळाने भरले, फुटले, उपसणारं कोणी राहिलं नाही, की बाग सुकली. फराहबागेच्या भिंती उभ्या आहेत. गेला तो गारवा, आणि तो गेला देखभाल थांबली म्हणून.

आता जवळजवळ साडेतीनशे वर्षं पुढे येऊ. मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्रंटियर मेलला १९३४ मध्ये वातानुकूलित डबा जोडला गेला. त्यात आजच्यासारखं यंत्र नव्हतं. डब्याच्या तळाशी पेट्यांमध्ये बर्फाच्या लाद्या ठेवायच्या आणि त्यांच्यावरून पंख्याने हवा आत सोडायची. वाटेतल्या स्थानकांवर बर्फ वितळला की नवा भरायचा. एक किलो बर्फाचं पाणी होताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. इथेही तोच व्यवहार : पदार्थ खर्च करा, गारवा घ्या, पुन्हा भरा. आपण घरच्या एसीला "दीड टनाचा" म्हणतो ना, तो टनही बर्फाचाच आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो एक टन. बर्फ गेला, पण माप राहिलं.

अमेरिकेत त्याच सुमारास मोटारीच्या खिडकीला बाहेरून एक नळकांडं लटकवायची पद्धत होती. आत पाणी आणि ओला भुसा किंवा कापड. गाडी पळाली की वारा त्यातून गार होऊन आत यायचा. म्हणजे खिडकीला टांगलेली फराहबागच! कोरड्या वाळवंटी भागात ते छान चालायचं, आणि पाणी संपलं की बंद.

खरा बदल १९३९ च्या अखेरीस झाला. पॅकार्ड कंपनीने आपल्या १९४० च्या मॉडेलसाठी कारखान्यातूनच बसवलेला एसी जाहीर केला. थंड करणारी कॉइल मागच्या डिकीत होती. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता, त्यामुळे एसी बंद करायचा तर इंजिन थांबवायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. महागडं प्रकरण होतं, दोन-तीन वर्षांत बंद पडलं. १९५४ मध्ये नॅश कंपनीने सगळं यंत्र गाडीच्या पुढच्या भागात, डॅशबोर्डाआड आणि बॉनेटखाली बसवलं. आज आपण ज्या गाड्या चालवतो त्यांची मांडणी तिथून आली.

यात नवं काय होतं? आपल्या विषयाचा कणा इथे आहे. या यंत्रातही एक द्रव उकळतो आणि उकळताना उष्णता ओढून घेतो, तळ्याचंच तत्त्व. फरक एवढा, की झालेली वाफ इथे उडून जात नाही. ती बंद नळ्यांत पकडलेली असते. कॉम्प्रेसर तिला दाबतो, दाबल्यामुळे ती तापते. मग ती रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जाते, तिथे बाहेरच्या हवेला उष्णता देते आणि पुन्हा द्रव होते. ड्रायर तिच्यातला ओलावा टिपतो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून ती सुटते, दाब एकदम उतरतो, आणि डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये ती उकळू लागते. पंखा गाडीतली हवा त्या कॉइलवरून फिरवतो. वाफ परत कॉम्प्रेसरकडे. एक फेरी पुरी.

आपल्या बहुतेक गाड्यांत असतो तो आर-१३४ए गॅस. साध्या दाबाला तो उणे २६ अंशांवरच उकळतो. किलोमागे तो शोषतो जेमतेम पन्नास किलोकॅलरी. पाण्याच्या दहावा हिस्सासुद्धा नाही. आणि गाडीत असतो साधारण अर्धा किलो. मग एवढ्याशा गॅसवर गाडी गार कशी होते? कारण तोच अर्धा किलो मिनिटाला अनेक वेळा फिरतो. खर्च काहीच होत नाही.

मंडळी, हे शेवटचं वाक्य नीट ऐका. तळ्यातलं पाणी खर्च होत होतं, रेल्वेच्या डब्यातला बर्फ खर्च होत होता. गाडीतला गॅस खर्च होत नाही. पण आपली सवय मात्र अजून तळ्याच्या काळातली आहे : उन्हाळा आला, गॅस भरा.

आमचंही तेच झालं. ओळीने तीन उन्हाळे आम्ही एका गॅरेजात गॅस भरून घेतला. चैत्रात गार, दिवाळीनंतर कोमट. चौथ्या वर्षी एका वयस्कर मिस्त्रींनी विचारलं, "साहेब, दरवर्षी टायरमध्ये हवा कमी होते तर पंक्चर बघता ना?" त्यांनी जोडांवर साबणाचा फेस लावला. कंडेन्सरच्या एका जोडावर बुडबुडे आले. रबराची कडी बदलली, आणि तेव्हापासून गॅस भरावा लागलेला नाही. अनेक वर्षांत थोडा गॅस रबरी नळ्यांतून झिरपतो हे खरं. पण दरवर्षी भरावा लागत असेल तर गळती आहे, आणि आधी ती शोधायला सांगा.

गळती काढल्यावर पंपाने व्हॅक्यूम करून घ्यायचा, हेही सांगा. इथे जुन्या नळांची आठवण येते. दख्खनमधल्या अशा जलवाहिन्यांवर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले असत, नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून. हवा अडकली की पाणी अडतं हे त्या कारागिरांना माहीत होतं. एसीच्या नळीतही हवा आणि ओलावा हेच शत्रू. ओलावा व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो, तेलाशी मिळून आम्लं तयार होतात आणि कॉम्प्रेसर खराब होतो. म्हणून आधी व्हॅक्यूम, मग वजन करून गॅस. किती ग्रॅम ते बहुधा बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. अंदाजाने जास्त भरला तरी गारवा कमीच होतो.

बाकीची देखभाल आपल्या मुलखाला धरून सांगतो. ऊसवाहतुकीच्या रस्त्यांवरचा धुरळा आणि पाचट कंडेन्सरच्या पापुद्र्यांत बसतं. गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम, असं होत असेल तर कंडेन्सर आणि त्याचा पंखा बघा. धुताना हलक्या धारेने. जोराच्या फवाऱ्याने पापुद्रे वाकतात. वारा कमी येत असेल तर केबिन फिल्टर पाहा, आपल्याकडे तो लवकर भरतो. कुबट वास येत असेल तर कॉइल ओली राहते आहे. मुक्कामाच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. गाडीखाली पाणी ठिबकणं चांगलंच, ते हवेतलं बाष्प. तेच पाणी पायाखालच्या गालिच्यात आलं तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे गॅसबरोबर तेल फिरतं आणि सील कोरडी पडत नाही. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर आधी काचा उघडून गरम हवा घालवा, मग एसी. आणि बंद गाडीत लेकरांना पाच मिनिटंही ठेवू नका.

आता एक शेवटचा मुद्दा. सुटलेला गॅस जातो कुठे? १९३० च्या सुमारास आलेला आर-१२ गॅस बिनविषारी आणि न पेटणारा म्हणून सगळ्यांनी डोक्यावर घेतला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी दाखवलं की असे वायू ओझोनचा थर खातात. १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. आपल्याकडे २००३ पासून नव्या गाड्यांच्या एसीत तो गॅस वापरायला बंदी आली. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण एक किलो सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे १,४०० किलो कार्बन डाय-ऑक्साइडइतकी हवा तापवतो. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीत असे वायू कमी करायचं ठरलं. भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली. गॅरेजात नुसता व्हॉल्व्ह उघडून जुना गॅस फुस्स करून सोडू देऊ नका. यंत्राने काढून घ्यायला सांगा. गाडी गार करण्यासाठी आपण बाहेरचा उन्हाळा वाढवतोय, हे कुठेतरी डोक्यात असावं.

गारवा एकेकाळी एका राजाचा होता, मग पहिल्या वर्गाच्या उतारूंचा झाला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. मनमाड रस्त्याने भर दुपारी कांदा घेऊन जाणारा ड्रायव्हरही आता त्या यादीत येतो, ही इतिहासातली चांगली गोष्ट. पण तो एसी पाचव्या उन्हाळ्यात चालेल का, हे कायदा ठरवणार नाही. ते ठरवेल मालक, मिस्त्री आणि पंचवीस-तीस रुपयांची एक रबरी कडी.

तर फराहबागेत एसी होता का? गारव्याचं तत्त्व होतं; फिरवून परत आणायची युक्ती नव्हती. ती युक्ती आज आपल्याकडे आहे. पुढच्या वेळी फराहबागेत गेलात तर त्या कोरड्या तळ्याच्या काठावर क्षणभर थांबा, आणि परत येताना गाडीचा एसी सुरू करताना ते तळं आठवा.

आता प्रश्न घेऊ.