वऱ्हाडांतील दोन नगरसंस्था : वेस, नळ आणि नाका

वऱ्हाडच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं गाविलगड व नरनाळा यांचे शिलालेख, देशमुख-देशपांड्यांच्या सनदा, महजर आणि वतनाच्या तंट्यांचे कागद एवढेंच अभ्यासकांच्या डोळ्यांपुढें येतें. हीं साधनें मोलाचीं आहेत यांत संशय नाहीं. परंतु अमरावती व अकोला हीं शहरें गेल्या दीडशें वर्षांत ज्या व्यवहारानें घडलीं, तो व्यवहार सनदांत नसून म्युनिसिपल कमिटीच्या अंदाजपत्रकांत व सभावृत्तांतांत आहे. नळ, दिवे, सडका व बागा हे विषय क्षुल्लक समजून संशोधक त्यांकडे पाठ फिरवितात. प्रत्येक नळाच्या मागें दोन प्रश्न उभे असतात : पैसा कोणीं दिला, आणि पाणी कोणाच्या दारीं आलें? या दोन प्रश्नांच्या अनुरोधानें उभय शहरांचा कांहीं विचार करण्याचें योजिलें आहे.

दोन्ही शहरांचा संबंध जुना आहे. अकोल्याच्या तालुकदाराच्या जुलमास कंटाळून तेथील बरीच वस्ती अमरावतीस गेली व तेथूनच अमरावतीच्या भरभराटीस आरंभ झाला, अशी हकीकत जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. तींत अतिशयोक्ति असेलही. पण व्यापारी माणूस करापेक्षां लहरी अंमलाला अधिक भितो, हें तींतून चांगलें दिसतें. पुढें अमरावतींत सावकारांच्या पेढ्या वाढल्या आणि पेंढाऱ्यांचा उपद्रव सुरू झाला, तेव्हां निजाम सरकारनें १८०७ सालीं शहरासभोंवतीं दगडी परकोट बांधण्यास प्रारंभ केला. या कोटाचा घेर सुमारें सव्वादोन मैल व उंची वीस ते सव्वीस फूट. त्यास पांच दरवाजे व चार खिडक्या ठेविल्या. अंबा, नागपुरी, खोलापुरी, महाजनपुरी व भुसारी अशीं दरवाजांचीं नांवें. त्यांपैकीं भुसारी दरवाजास आज जवाहर दरवाजा म्हणतात. खिडक्यांपैकीं एकीस खुनारी खिडकी हें नांव पडलें, तें एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत तिच्यानजीक झालेल्या दंग्यावरून. त्यांत सातशें माणसें मेलीं असें सांगतात.

परकोट बांधला तो लुटारूंसाठीं. पण वेस एकदां बांधली म्हणजे तिचा उपयोग एकच राहत नाहीं. मालाच्या गाड्या पांच दरवाजांनींच आंत येणार, तेव्हां तेथें चौकीदार बसविला कीं तोच कर वसूल करूं शकतो. पुढील काळांतील नाक्याच्या कराची कल्पना लोकांच्या अंगवळणीं पडण्यास ही रचना कारण झाली असावी, असें आमचें मत आहे.

व्यापाराचा आवांका केवढा होता तें एका गोष्टीवरून कळेल. १८४२ सालीं अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्यानें एक लक्ष बैलांवर कापूस लादून तो कलकत्त्याकडे रवाना केला, अशी नोंद आहे. त्या वेळीं आगगाडी नव्हती. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. पुढें पूर्व वऱ्हाडचें मुख्य ठाणें अमरावती व पश्चिम वऱ्हाडचें अकोला असें ठरलें. १८६७ च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपुरास पोंचली. तिच्या मुख्य मार्गावर अकोला आलें, अमरावती मात्र राहिली. म्हणून बडनेऱ्याहून सुमारें सहा मैलांचा फांटा काढावा लागला. याच सुमारास अमेरिकेंतील यादवीमुळें वऱ्हाडी कापसास लँकेशायरकडून जी मागणी आली, तिनें दोन्ही शहरांत सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने निघाले. म्युनिसिपालिट्या स्थापन झाल्या त्या याच दशकांत. नगरसंस्था आणि कापूस हीं वऱ्हाडांत जुळीं भावंडें आहेत, असें म्हटलें तरी चालेल.

इंग्रज अधिकारी परकोटाच्या आंत राहिले नाहींत. त्यांनीं शहराबाहेर मोकळ्या जागीं बंगले, कचेऱ्या व रुंद सडका यांची वसाहत केली. तीच अमरावती कॅम्प. या कॅम्पची म्युनिसिपल कमिटी शहराच्या कमिटीहून निराळी होती. अकोल्यास हीच विभागणी मोर्णा नदीनें करून ठेविली होती. पश्चिम तीरावर असदगड व कोटाच्या आंतील जुनें शहर, पूर्व तीरावर ताजनापेठ. सरकारी इमारती व साहेबलोकांचे बंगले याच पूर्वेकडील बाजूस झाले, आणि स्टेशनही तिकडेच. एके ठिकाणीं भिंत, दुसऱ्या ठिकाणीं नदी, परिणाम एकच.

या विभागणीचा अर्थ हिशेबांत पाहावा. कॅम्पांत घरें थोडीं, त्यांत राहणारे बहुतेक सरकारी नोकर व वकील. सडका रुंद, झाडें पुष्कळ. शहरांत बाजार, पेढ्या, वखारी, दाट वस्ती आणि अरुंद गल्ल्या. व्यापाराचें उत्पन्न बहुतांशीं शहरांतलें. मोकळी हवा बहुतांशीं कॅम्पची. दोन कमिट्या म्हणजे दोन तिजोऱ्या, आणि दोन तिजोऱ्या म्हणजे एकीचें दुःख दुसरीस न कळणें. हें कोणा एका अधिकाऱ्याच्या दुष्टपणानें झालें असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. कारभाराची जी घडी बसविली तींतूनच तें आपोआप निघालें.

१८८२ च्या लॉर्ड रिपन यांच्या ठरावानंतर १८८६ सालीं वऱ्हाडास निराळा म्युनिसिपल कायदा लागू झाला. वऱ्हाड हें कायद्यानें ब्रिटिश हिंदुस्थान नव्हतें. तें निजामाकडून कारभारासाठीं घेतलेलें होतें. म्हणून येथील कायदे रेसिडेंटाच्या अधिकाराखालीं निघत. कमिट्यांत लोकनियुक्त सभासद येऊं लागले, तरी सरकारनें नेमलेल्यांचें व अधिकाऱ्यांचें वजन मोठें असे. याच काळीं गणेश श्रीकृष्ण खापर्डे, रघुनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी अशी वकील मंडळी अमरावतीच्या सार्वजनिक जीवनांत पुढें आली, आणि १८९७ सालीं राष्ट्रीय सभेचें अधिवेशन तेथें भरलें. या मंडळींच्या राजकीय भाषणांचा अभ्यास पुष्कळ झाला. स्थानिक कारभाराशीं आलेला त्यांचा संबंध मात्र चरित्रकारांनीं एका वाक्यांत उरकला आहे.

आतां पाण्याकडे वळूं, कारण खरा झगडा तेथें आहे. अकोल्याचें दुर्दैव असें कीं पूर्णेच्या खोऱ्यांत जमिनीखालचें पाणी खारें आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारें ४,७०० चौरस किलोमीटरांचा हा खारपाण पट्टा पसरला आहे. पूर्वी दहिहांड्याच्या बाजूस विहिरींच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढीत, यावरून त्याच्या क्षाराची कल्पना यावी. अशा प्रदेशांत विहीर खणणें म्हणजे दर वेळीं नशिबाची परीक्षा. अमरावती खारपाण पट्ट्याच्या पूर्वेस आहे. तेथें पाणी खारें नसलें तरी काळ्या पाषाणाच्या थरांत तें थोडकें, आणि उन्हाळ्यांत विहिरी तळ गांठतात. लोकसंख्या पाहिली तर १९०१ सालीं अमरावतींत ३४,२१६ व अकोल्यांत २९,२८९ माणसें होतीं. तीं कापसाच्या हंगामांत आलेल्या गाड्या, बैल व मजूर यांनीं आणखी फुगत.

यावर उपाय तलावांचा होता. अमरावतीस पोहऱ्याच्या टेकड्यांच्या पायथ्याशीं वडाळी व छत्री हे तलाव इंग्रजी अमलांत झाले. अकोल्यास पातूरच्या वाटेवर कापशीचा तलाव झाला. टेकडीवरून उतरणारें पावसाचें पाणी बांध घालून अडवावयाचें व नळानें खालीं आणावयाचें, अशी ही साधी योजना. तींत दोष एवढाच कीं ती पावसावर सर्वस्वीं अवलंबून. १८९९-१९०० च्या दुष्काळासारख्या वर्षीं शेताला पाणी नाहीं तेव्हां तलावालाही नाहीं. म्हणजे नळ कोरडा पडणार तो नेमका विहिरी आटल्या त्याच वेळीं.

नळाचा व सडकेचा खर्च भागावयाचा कशांतून? घरपट्टी सभासदांना नकोशी, कारण ती मतदारांच्या दारांत जाऊन मागावी लागते. नाक्यावरचा कर सोपा. तो मालावर बसतो व देणारा पुष्कळदां परगांवचा असतो. या करांत दोन प्रकार आहेत. जकात ही शहरांत खपणाऱ्या मालावर; माल पुन्हां बाहेर गेला तर तिचा परतावा देण्याची रीत होती. टर्मिनल टॅक्स हा सीमेंतून आंत आलेल्या किंवा बाहेर गेलेल्या मालावर. त्याचा परतावा नाहीं. कापसाचीं शहरें माल खाण्यासाठीं आणीत नाहींत, पुढें पाठविण्यासाठीं आणतात. अशा शहरांना परताव्याची जकात म्हणजे हिशेबाची कटकट, आणि टर्मिनल टॅक्स म्हणजे सरळ उत्पन्न. तेव्हां अमरावतीनें दुसरा मार्ग धरला यांत नवल नाहीं.

बाजाराचा बंदोबस्तही याच्याशीं जुळलेला होता. १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा हा हिंदुस्थानांतील या जातीचा पहिला कायदा होय. बाजार चालविणाऱ्या समितींत नगरसंस्थेचे व व्यापाऱ्यांचे प्रतिनिधि असत. ज्याचा कापूस त्या शेतकऱ्यास तेथें जागा नव्हती. १९२८ सालच्या शेतकी कमिशनच्या अहवालांत या उणीवेचा विचार झालेला आहे, आणि १९३२ सालीं मध्यप्रांताचा नवा कापूस बाजार कायदा आला. नाक्यावर गाडी थांबे ती शेतकऱ्याची, बाजारांत वजन होई तें त्याच्या कापसाचें. पण नळ कोठें न्यावा, दिवा कोठें लावावा या वादांत त्यास मत नव्हतें, कारण तो शहरवासी नव्हता. व्यापारी म्हणे, कर मीच देतों. परंतु व्यापारी आपला कर भावांत वळता करितो हें बाजारांतील पोरासही ठाऊक असतें.

या उत्पन्नाची कथा न्यायालयांत संपली, ती स्वातंत्र्यानंतर. १९२२ च्या म्युनिसिपल कायद्यानें टर्मिनल टॅक्स बसविण्याचा अधिकार दिलेला होता. संविधानानें हा कर केंद्राच्या सूचींत गेला. मात्र २७७ व्या अनुच्छेदानें, पूर्वीपासून चालत आलेले कर संसद दुसरी व्यवस्था करीपर्यंत चालू ठेवण्याची मुभा दिली. अमरावतीच्या कमिटीनें त्यानंतर सोन्याचांदीसारख्या नव्या मालावर हा कर आकारावयास घेतला. त्यावर तक्रार होऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १९६४ सालीं निकाल नगरसंस्थेविरुद्ध लागला : चालू होता तो कर चालूं द्यावा, पण त्यांत नवी भर घालतां येणार नाहीं. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला संविधानाच्या अर्थासाठीं वाचतात. अमरावतीच्या दृष्टीनें त्याचा अर्थ असा कीं शहर वाढत होतें आणि त्याची जुनी तिजोरी जागच्या जागीं गोठली.

दिव्यांविषयीं थोडकेंच लिहितों. विजेचा पुरवठा नगरसंस्थांनीं स्वतः न करितां १९१० च्या वीज कायद्याखालीं परवाना घेतलेल्या कंपन्यांकडे तो राहिला. अमरावती इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी व अकोला इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी हीं नांवें पुढील खटल्यांतूनही आढळतात. परवान्याची मुदत संपतांच कारखाना विकत घेण्याचा पहिला हक्क त्या कायद्यानें स्थानिक संस्थेस दिला होता. हा हक्क १९५९ च्या दुरुस्तीनें राज्याच्या वीज मंडळाकडे गेला.

पाण्याचेंही पुढें असेंच झालें. मोर्शीजवळ सिंभोऱ्यास वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण झालें व अमरावतीस तेथून पाणी येऊं लागलें. पण तें पाणी घरोघर पोंचविण्याचें काम महानगरपालिकेकडे नसून महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. अकोल्याचें पाणी महान येथील काटेपूर्णा धरणांतून येतें व वांटप तेथील महानगरपालिका करिते. अमरावतीस महानगरपालिका १९८३ सालीं झाली, अकोल्यास २००१ सालीं. २०११ च्या गणनेंत अमरावतीची वस्ती ६,४७,०५७ व अकोल्याची ४,२५,८१७ होती. नाक्याचा कर मात्र उरला नाहीं. जकातीच्या जागीं स्थानिक संस्था कर आला, तो १ ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांवरून उठला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरू होऊन नगरसंस्थांना राज्य सरकारकडून भरपाई मिळूं लागली. जी संस्था पूर्वी आपल्या वेशीवर उभी राहून कर घेई, ती आतां मुंबईहून येणाऱ्या हप्त्याची वाट पाहते.

मोर्णेचें काय झालें तेंही नमूद करणें अवश्य आहे. दोन अकोल्यांमधील ही नदी शहराच्या सांडपाण्यानें व जलपर्णीनें भरून गेली होती. जानेवारी २०१८ मध्यें जिल्हा प्रशासनाच्या हांकेस ओ देऊन हजारों नागरिक पात्रांत उतरले व त्यांनीं ती साफ करण्यास हात लाविला. पंतप्रधानांनीं त्याच महिन्याच्या रेडिओभाषणांत या मोहिमेचा उल्लेख केला. असलें काम एका दिवसाच्या उत्साहानें होत नाहीं, नाल्यांचीं तोंडें वळवावीं लागतात. तरी जुन्या शहराचीं व ताजनापेठेकडचीं माणसें एकाच पात्रांत उभीं राहिलीं, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

अमरावतीस परकोटाचा बराच भाग अजून उभा आहे. दरवाजांतून रहदारी चालूच असते, व ज्या कमानी बैलगाडीसाठीं बांधल्या त्यांतून मोटारी जातात. सडक रुंद करावी तर दरवाजा आड येतो, आणि दरवाजा काढावा तर शहराचें नांवच जातें. वडाळीच्या तलावाकांठीं आतां बाग आहे. छत्री तलावही सहलीचें ठिकाण झाला आहे. रविवारीं सायंकाळीं शहरांतले व कॅम्पांतले लोक मुलांना घेऊन तेथें जातात.