अस्थिमज्जा प्रत्यारोपण : दात्याच्या पेशी हेच औषध

रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला आज महत्त्वाचे स्थान आहे. मूत्रपिंड किंवा यकृताच्या प्रत्यारोपणाप्रमाणे यात एखादा अवयव शस्त्रक्रियेने बसवला जात नाही. दात्याच्या शरीरातून काढलेल्या पेशी, रक्त चढवावे त्याप्रमाणे शिरेवाटे रुग्णाला दिल्या जातात आणि त्या स्वतःच हाडांच्या पोकळीत जाऊन स्थिरावतात. दिसायला सोपी असलेली ही पद्धत रुग्णांना जीवदान देऊ लागेपर्यंत मात्र दीर्घकाळ अपयशच पदरी आले. त्या अपयशांतूनच शास्त्रज्ञांना एक अनपेक्षित गोष्ट उमगली. दात्याच्या पेशी केवळ नष्ट झालेल्या मज्जेची जागा भरून काढत नाहीत, तर रुग्णाच्या शरीरात दडून राहिलेल्या कर्करोगपेशींचाही नायनाट करतात.

मज्जा आणि मूलपेशी

अस्थिमज्जा म्हणजे हाडांच्या आतील मऊ, स्पंजासारखा भाग. प्रौढ माणसात ती मुख्यतः कमरेचे हाड, छातीचे मधले हाड, बरगड्या आणि मणके यांत कार्यरत असते. रोज सुमारे २० हजार कोटी नव्या तांबड्या रक्तपेशी येथे तयार होतात. शिवाय पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या बिंबिका यांचेही हेच जन्मस्थान होय. या सर्वांच्या मुळाशी थोड्याशा मूलपेशी असतात, हे १९६१ साली कॅनडातील टोरांटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलक यांनी केलेल्या प्रयोगांतून पुढे आले. किरणोत्सार दिलेल्या उंदरांना त्यांनी मज्जेतील पेशी टोचल्या, तेव्हा उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गाठी उमटल्या. अशी प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असते, हे त्यांच्या गटाने १९६३ मध्ये दाखवून दिले.

रक्ताच्या कर्करोगात, म्हणजे ल्युकेमियात, मज्जेतील अपरिपक्व पेशी अनिर्बंध वाढू लागतात आणि निरोगी पेशींना जागाच उरत नाही. औषधांची किंवा किरणांची मात्रा पुरेशी वाढवली तर या पेशी मरतात, पण त्यांच्याबरोबर निरोगी मज्जाही जळून जाते. मज्जेविना माणूस काही आठवड्यांहून अधिक जगू शकत नाही. म्हणूनच आधी सारी मज्जा नष्ट करायची आणि मग दुसऱ्याच्या निरोगी मज्जेचे रोपण करायचे, ही कल्पना पुढे आली.

सुरुवातीची निराशा

या कल्पनेला चालना मिळाली ती अणुयुगामुळे. १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर बाँब पडल्यानंतर किरणोत्साराचा रक्तावर होणारा परिणाम हा संशोधनाचा तातडीचा विषय झाला. अमेरिकेत लिऑन जेकबसन यांनी १९४९ मध्ये दाखवले, की उंदराची प्लीहा शिशाने झाकून ठेवल्यास तो किरणांच्या मारक मात्रेतूनही वाचतो. पुढे मज्जेतील पेशी टोचूनही उंदीर वाचवता येतात, हे सिद्ध झाले.

माणसांवरील पहिल्या प्रयत्नांचे वृत्त अमेरिकी डॉक्टर डॉनल थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. सहा रुग्णांना त्यांनी मज्जा दिली होती, पण त्यांपैकी एकही रुग्ण शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. यानंतर थॉमस यांनी जुळ्या भावंडांकडे मोर्चा वळवला. ल्युकेमिया झालेल्या दोन मुलांना त्यांनी त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडांची मज्जा दिली. मज्जा उत्तम रुजली, परंतु काही महिन्यांतच आजार उलटला. हे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. शरीराला सोसतील एवढे किरण दिल्यानंतरही काही कर्करोगपेशी शिल्लक राहतात, एवढाच अर्थ त्यातून तेव्हा काढला गेला. त्याचा दुसराही अर्थ होता, पण तो उलगडण्यास आणखी वीस वर्षे जायची होती.

जुळणीचे कोडे

जुळे नसलेल्या दात्याची मज्जा वापरताना दुहेरी संकट होते. रुग्णाचे शरीर परकी मज्जा नाकारू शकत होते. उलट मज्जा रुजलीच, तर तिच्यातून येणाऱ्या टी-पेशी रुग्णाच्याच शरीराला परके मानून त्वचा, यकृत आणि आतडी यांच्यावर हल्ला चढवत. या दुसऱ्या प्रकाराला ‘ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट’ आजार असे म्हणतात.

या कोड्याची किल्ली फ्रान्समध्ये सापडली. ज्याँ डॉसे यांनी १९५८ मध्ये पांढऱ्या पेशींवरील एका प्रतिजनाचे वर्णन केले. त्यातूनच पुढे ‘एचएलए’ या प्रथिनसमूहाचा शोध लागला. त्याची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि ती माणसागणिक कमालीची वेगवेगळी असतात. पेशीच्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडणे हे एचएलए रेणूंचे काम. टी-पेशी ते तुकडे तपासतात आणि आपले कोण, परके कोण हे ठरवतात. या कार्याबद्दल डॉसे यांना १९८० मध्ये जॉर्ज स्नेल आणि बारुज बेनासेराफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

एचएलए जुळवणे शक्य झाल्यावर प्रत्यारोपणाचे चित्र पालटले. १९६८ मध्ये मिनेसोटा येथे रॉबर्ट गुड यांनी जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या एका बालकाला जुळणाऱ्या भावंडाची मज्जा यशस्वीपणे दिली. सिएटल येथे थॉमस यांच्या चमूने भावंडांकडून मज्जा घेऊन ल्युकेमियाच्या रुग्णांवर उपचार सुरू केले. अन्य सर्व उपाय थकलेल्या १०० रुग्णांचा अहवाल त्यांनी १९७७ मध्ये मांडला, तेव्हा त्यांपैकी १३ जण आजारमुक्त होते. आकडा लहान असला तरी हे रुग्ण अन्यथा वाचलेच नसते. थॉमस यांना १९९० मध्ये जोसेफ मरे यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

शत्रू आणि मित्र एकच

१९७९ मध्ये सिएटलच्याच चमूने एक विलक्षण निरीक्षण नोंदवले. ज्या रुग्णांना ‘ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट’ आजाराचा त्रास झाला, त्यांच्यात ल्युकेमिया उलटण्याचे प्रमाण कमी होते. १९९० मध्ये अनेक रुग्णालयांतील नोंदी एकत्र करून केलेल्या अभ्यासाने याला दुजोरा दिला. एकसारख्या जुळ्यांची मज्जा मिळालेल्यांत, तसेच टी-पेशी गाळून काढलेली मज्जा मिळालेल्यांत, आजार अधिक प्रमाणात उलटत होता. १९५९ मधील त्या दोन मुलांच्या बाबतीत जे घडले, त्याचा दुसरा अर्थ आता लागला. जुळ्या भावंडाच्या पेशींना त्या मुलांच्या पेशींत परके असे काहीच दिसत नव्हते. त्यामुळे उरलेला कर्करोगही त्यांनी तसाच राहू दिला.

एचएलए पूर्ण जुळत असले तरी दोन भावंडांची इतर असंख्य प्रथिने थोडीफार भिन्न असतात. त्या प्रथिनांचे तुकडे पेशीवर मांडले गेले, की दात्याच्या टी-पेशी ते ओळखतात आणि ती पेशी मारतात. म्युनिक येथील हान्स-योखेम कोल्ब यांनी १९९० मध्ये याचा थेट उपयोग करून दाखवला. प्रत्यारोपणानंतर आजार उलटलेल्या रुग्णांना त्यांनी मूळ दात्याच्याच पांढऱ्या पेशी पुन्हा दिल्या आणि आजार आटोक्यात आला. कर्करोगाशी लढण्याचे काम प्रतिकारक पेशींवर सोपवता येते, याचा तो माणसातील ठोस पुरावा होता. मात्र याच पेशी निरोगी अवयवांनाही इजा करतात. लाभ ठेवायचा आणि इजा टाळायची, हा या क्षेत्रातील आजही न सुटलेला प्रश्न आहे.

दाता कोठून आणायचा?

मुलाला एचएलए जनुकांचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. त्यामुळे सख्ख्या भावाचा किंवा बहिणीचा संच पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. दोन भावंडे असल्यास त्यांपैकी किमान एक जुळण्याची शक्यता सुमारे ४४ टक्क्यांवर जाते. कुटुंबे लहान होत गेली तशी घरातच दाता मिळण्याची आशा घटली आणि एकुलत्या एका अपत्याच्या बाबतीत तर ती उरलीच नाही. आई-वडील सहसा निम्मेच जुळतात.

यावर दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग स्वेच्छा दात्यांच्या नोंदवहीचा. लंडनमध्ये १९७४ साली अशी नोंदवही सुरू झाली; भारतात चेन्नई येथील ‘दात्री’ ही संस्था २००९ पासून हे काम करते. एचएलए हे वंशपरंपरेशी निगडित असल्याने भारतीय रुग्णाला जुळणारा दाता युरोपीय नोंदवह्यांत क्वचितच सापडतो. तो भारतीयांतच शोधावा लागतो. दुसरा मार्ग निम्म्या जुळणाऱ्या दात्याचा. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देऊन आक्रमक टी-पेशींना आवर घालण्याची पद्धत विकसित केली. त्यामुळे आता आई, वडील किंवा अपत्यही दाता होऊ शकते.

मुंबईचे योगदान

भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या नेतृत्वाखाली झाले. टी-पेशींच्या सामर्थ्याची पुढची पायरीही मुंबईतच गाठली गेली. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत कर्करोगपेशी ओळखणारे जनुक घालून त्या परत देण्याच्या पद्धतीला ‘कार-टी’ उपचार म्हणतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल केंद्र यांच्या सहकार्यातून निर्माण झालेल्या ‘नेक्सकार१९’ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा औपचारिक प्रारंभ झाला. परदेशांतील अशा उपचारांच्या तुलनेत त्याची किंमत बरीच कमी असली, तरी सामान्य कुटुंबाला ती आजही जड जाते.

नवे उपचार आले तरी अनेक रुग्णांसाठी प्रत्यारोपण हाच बरे होण्याचा मार्ग आहे आणि त्यासाठी दाता लागतोच. नोंदणीसाठी गालाच्या आतील बाजूने कापसाच्या बोळ्यावर घेतलेला नमुना पुरतो. पुढे एखाद्या रुग्णाशी जुळणी झाल्यास, बहुतेक वेळा पाच दिवस इंजेक्शने घेऊन, रक्तदानासारख्याच पद्धतीने हातातील शिरेतून मूलपेशी वेगळ्या काढल्या जातात. काही वेळा भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा घेतली जाते. दात्याच्या शरीरात काही आठवड्यांत तिची भरपाई होते. मज्जा म्हणजे पाठीचा कणा असा समज असल्याने अनेकजण घाबरून मागे राहतात, पण मज्जादानात मज्जारज्जूला हातही लावला जात नाही. नोंदवहीत भारतीयांची नावे जितकी वाढतील, तितकी येथील रुग्णांना दाता मिळण्याची शक्यता वाढेल.