जलपर्णी आणि तळ्याकाठची माणसे

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला ‘संगणक क्षेत्रातील वाटचाल’ असा विषय सुचवला होता. मी तो बदलून घेतला. त्याचे कारण आपल्याच गटात झालेली चर्चा. मेळाव्यानिमित्त बॅचच्या वतीने गावाला काय द्यावे, यावर पाण्याचा कूलर, वाचनालयाची कपाटे अशा नेहमीच्या सूचना आल्या. त्यांत एक सूचना वेगळी होती. बेटेगाव-बोईसर परिसरातल्या एखाद्या तळ्यावरची जलपर्णी आपण सर्वांनी एका रविवारी श्रमदानाने काढावी, अशी. सूचना मला मनापासून आवडली. पण या वनस्पतीशी जगात आणि आपल्या राज्यात आधी कोण कोण लढले, आणि त्यांचे काय झाले, हे पाहून मगच फावडे हाती घ्यावे असे वाटले. शाळेत आपण इतिहास शिकलो तो राजांचा आणि लढायांचा. ही लढाई एका तणाशी आहे, आणि तिलाही सव्वाशे वर्षे होऊन गेली आहेत.

जलपर्णी आपली नाही. तिचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनचे खोरे. फुगीर देठांमुळे ती तरंगते आणि तिला जांभळ्या फुलांचा सुंदर तुरा येतो. या फुलांनीच तिला जगभर नेले. १८८४ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात कापसाचे मोठे प्रदर्शन भरले होते; तिथे पाहुण्यांना ही रोपे भेट म्हणून वाटली गेली, असे सांगितले जाते. पुढच्या काही वर्षांत लुइझियाना आणि फ्लोरिडातील नद्यांत बोटी अडकू लागल्या. १८९९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने जलमार्ग मोकळे करण्याचे काम लष्कराच्या अभियंत्यांकडे सोपवले. १९१० मध्ये तर रॉबर्ट ब्रूसार्ड या लोकप्रतिनिधीने आफ्रिकेतून पाणघोडे आणण्याचे विधेयक मांडले. पाणघोडे जलपर्णी खातील आणि लोकांना मांसही मिळेल, असा त्यामागचा हिशेब होता. विधेयक मंजूर झाले नाही. जलपर्णी मात्र राहिली.

भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली, तीही बागेची शोभा म्हणून. पूर्व बंगाल हा नद्यानाल्यांचा प्रदेश. भात, मासळी, बाजार, प्रवास सगळे पाण्यावर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत तिथल्या खाड्या, बिले आणि भातखाचरे हिरवी झाली. होड्या चालेनात, भाताचे रोप दबू लागले. तिकडे तिला ‘कचुरीपाना’ म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात शत्रूच्या नावावरून ‘जर्मन पाना’ असेही म्हणत. १९२१ मध्ये सरकारने एक चौकशी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद जगदीशचंद्र बोस यांच्याकडे दिले. वनस्पतींच्या संवेदनांचा अभ्यास करणारे आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातले बोस ते हेच. १९३६ मध्ये बंगालने खास जलपर्णी कायदा केला आणि आपापल्या जागेतील जलपर्णी काढण्याची जबाबदारी जमीन कसणाऱ्यांवर टाकली. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत जलपर्णीच्या निर्मूलनाचे आश्वासन पक्षांच्या जाहीरनाम्यांत होते. फजलुल हक यांच्या सरकारच्या काळात, १९३९ मध्ये, ‘जलपर्णी सप्ताह’ पाळला गेला आणि विद्यार्थ्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत हजारो माणसे पाण्यात उतरली.

सप्ताह संपला आणि जलपर्णी परत आली. इतिहासकार इफ्तिखार इक्बाल यांनी या साऱ्या प्रकरणाचा अभ्यास करताना एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. रेल्वेच्या भरावांनी नद्यांचे जुने प्रवाह अडले, पाणी साचून राहू लागले आणि साचलेले पाणी या वनस्पतीला मानवले. लोक तण उपटत होते, पण ज्यामुळे ते वाढत होते ती व्यवस्था तशीच होती. बंगालच्या शेतकऱ्यांनी आपल्यापुरता एक मार्ग काढला. बारिसाल, पिरोजपूर, गोपालगंज या भागांत जलपर्णीचेच थर एकावर एक रचून तरंगते वाफे करतात आणि त्यांवर भाजीपाला व रोपे घेतात. या शेतीला २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला. पण हे तंत्र पुराच्या प्रदेशात जन्मले आहे. आपल्याकडच्या छोट्या तळ्यांना ते जसेच्या तसे लागू होणार नाही.

आता थोडे गणित, कारण माझा रोजचा व्यवहार त्याच्याशी आहे. अनुकूल हवामानात जलपर्णीचे क्षेत्र एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होते. आपण दहा दिवस धरू. एका रोपाची शंभर दिवसांत दहा वेळा दुप्पट होऊन १०२४ रोपे होतात. तळे अर्धे भरलेले दिसते तेव्हा ते पूर्ण भरायला फक्त दहा दिवस उरलेले असतात. आता श्रमदानाचा हिशेब करा. समजा आपण सर्वांनी घाम गाळून ९० टक्के जलपर्णी काढली. उरलेल्या १० टक्क्यांची २०, ४०, ८० होत ती पुन्हा तळे भरायला साधारण ३३ दिवस घेईल. दुप्पट व्हायला दोन आठवडे लागतात असे धरले, तरी दीड महिना. शिवाय बी चिखलात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. वजनाचे गणितही सोपे नाही. या वनस्पतीत ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि दाट वाढीचे वजन हेक्टरी दोनशे टनांहून जास्त भरू शकते. म्हणजे एकरी सुमारे ८० टन. दहा टनांचा ट्रक धरला तर एका एकराच्या आठ खेपा.

मोठ्या शहरांनाही हे गणित चुकलेले नाही. पवई तलाव १८९१ मध्ये मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधला गेला, पण त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. आज ते उद्योगांना आणि आरे वसाहतीला पिण्याव्यतिरिक्त वापरासाठी दिले जाते. भोवती वसाहती वाढल्या आणि सांडपाणी तलावात येऊ लागले. सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे जलपर्णीला बारा महिने फुकटचे खत. महापालिका यंत्रे लावून जलपर्णी काढते आणि ती पुन्हा येते. तलावाकाठचे रहिवासी, मासे पकडण्याचा छंद असलेल्यांची संघटना आणि पर्यावरणप्रेमी वर्षानुवर्षे एकच मागणी करत आले आहेत: आधी सांडपाणी वळवा. पुणे-पिंपरी चिंचवडला मुळा, पवना, इंद्रायणी या नद्यांची आणि पाषाण, कात्रज या तलावांची हीच कथा. उन्हाळा आला की जलपर्णी, जलपर्णीमागून डास, डासांमागून तक्रारी, तक्रारींमागून निविदा. पावसाळ्यात पुराबरोबर नदीतली जलपर्णी वाहून जाते आणि विषय पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मिटतो.

औषध फवारून ती मारता येते, पण एवढा पाला एकदम पाण्यात कुजला की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. त्यापेक्षा शहाणा उपाय शास्त्रज्ञांनी शोधला तो कीटकांचा. ॲमेझॉनमध्ये जलपर्णी आटोक्यात असते, कारण तिला खाणारे भुंगेरे तिथे आहेत. जलपर्णीवरच जगणाऱ्या अशा भुंगेऱ्यांच्या दोन जाती १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात आणल्या गेल्या. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने त्यांची कसून तपासणी करून त्या तिथल्या तलावांत सोडल्या आणि काही वर्षांत फरक दिसला. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात १९९५ नंतर हेच भुंगेरे सोडले गेले आणि दशक संपता संपता जलपर्णी मोठ्या प्रमाणात ओसरली. मात्र या उपायाला तीन-चार वर्षांचा धीर लागतो. दर उन्हाळ्यात यंत्राने सगळे काढून टाकले तर जलपर्णीबरोबर भुंगेरेही जातात.

या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त शिकवले ते महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाने. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी ते बांधले; पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात गेले म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि देखभालीची जुनी घडी विस्कटली. तलाव सर्वांचे झाले, पण गाळ कोणी काढायचा, बांध कोणी पाहायचा, हे कोणाचेच काम राहिले नाही. मग काठांवर बेशरम पसरली. हीसुद्धा दक्षिण अमेरिकेची. तुकडा पडेल तिथे रुजते, गुरे तिला तोंड लावत नाहीत; नाव तिला शोभते. जोडीला पाण्यात जलपर्णी. बाहेरून आणून सोडलेल्या मोठ्या माशांमुळे स्थानिक मासे आणि पाणवनस्पती कमी झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या या तलावांवर जगणाऱ्या ढीवर समाजाची मासळी घटली.

तिथे मनीष राजनकर यांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या माध्यमातून काम सुरू केले, ते ढीवरांकडून शिकण्यापासून. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला अंडी घालतो, कोणती वनस्पती खोल पाण्यात वाढते आणि कोणती काठाला, हे ज्ञान म्हाताऱ्या माणसांकडे होते. ते लिहून काढले गेले. मग उन्हाळ्यात पाणी आटल्यावर बेशरम मुळासकट उपटायची, तलावाचा तळ नांगरायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाला दुसऱ्या तलावांतून आणलेल्या स्थानिक पाणवनस्पती लावायच्या, अशी पद्धत बसली. अंडी घालण्याच्या दिवसांत मासेमारी बंद ठेवायची, असे ठरले. अर्जुनी मोरगाव भागात शालू कोल्हे यांच्या पुढाकाराने ढीवर महिला यात उतरल्या. मच्छीमार सोसायट्यांचा कारभार तोवर पुरुषांच्याच हाती होता. बायकांनी बेशरम काढण्याचे काम रोजगार हमीतून मागून घेतले, चिखलात उभे राहून रोपे लावली आणि ग्रामसभेत बोलू लागल्या. तलावांत स्थानिक मासे परतू लागले.

बंगालमध्ये कायदा होता, समिती होती, सप्ताह होता. पवईला पैसा आणि यंत्रे आहेत. गोंदियाच्या बायकांकडे यातले फारसे काहीच नव्हते. पण तलाव बिघडला तर त्यांच्या घरातली चूल बिघडत होती. त्यामुळे त्या पुढच्या महिन्यातही तिथे होत्या, आणि त्यापुढच्याही. दुसरे म्हणजे, त्यांनी तण काढून जागा मोकळी सोडली नाही; तिथे आपली वनस्पती लावली. मोकळ्या पाण्यावर पुन्हा परके तणच आधी येते.

आपल्या भागाची परिस्थिती आणखी एका कारणाने नाजूक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. त्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने, म्हणजे मासेमारीवर जगणाऱ्यांच्याच संघटनेने. जलपर्णीची मुळे पाण्यातील जड धातू शोषून घेतात. म्हणून आपण काढलेल्या जलपर्णीचे खत करून कोणाच्या भाजीच्या मळ्यात टाकावे की नाही, हे आधी पाणी तपासल्याशिवाय ठरवता येणार नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, रविवारचे श्रमदान जरूर करू. पण त्याआधी चार प्रश्नांची उत्तरे मिळवू. तळ्यात सांडपाणी कुठून येते आणि ते कसे अडवता येईल? काढलेली जलपर्णी तळ्यापासून दूर कुठे टाकायची? त्या तळ्यात मासे कोण धरते, गुरे कोण पाजते, आणि त्यांचे म्हणणे काय आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे, आपण मुंबई-पुण्याला परतल्यावर दर दहा दिवसांनी तिथे कोण जाणार?

शेवटच्या प्रश्नासाठी माझा प्रस्ताव असा. बॅचचा निधी एका दिवसाच्या जेसीबीवर खर्च न करता तीन वर्षांसाठी राखून ठेवावा. त्यातून तळ्यावरच उपजीविका असलेल्या दोघांना दर दहा दिवसांनी एक दिवसाची मजुरी, एक तराफा आणि नाल्याच्या तोंडाशी बांबूचा तरंगता अडसर एवढेच द्यावे. पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे व्यवस्थापन पंचायतींकडे दिले आहे. म्हणून ग्रामसभेची संमती घेऊन आणि तिच्या देखरेखीखालीच हे व्हावे. दर महिन्याला तळ्याचा एक फोटो गटावर येईल, तेवढा आपला हिशेब. तळे निवडताना लहान निवडू, एखाद्या एकराचे. तीन वर्षांनी तिथे पाणी दिसले तर दुसऱ्या तळ्याचा विचार करू. आपल्या गुरुजनांपैकी ज्यांना या भागातील जुनी तळी आणि त्यांतल्या मूळच्या वनस्पती आठवत असतील, त्यांनी ती माहिती मेळाव्याच्या दिवशी आम्हाला लिहून घेऊ द्यावी, ही विनंती. पुढची लागवड त्यावरूनच करावी लागणार आहे.